रिकाम्या टाकीतून सांडलेलं तेल

दादा,

परवा चाळीच्या चौकात तुझी शोकसभा झाली. तीत तू इतका चांगला माणूस निघालास की मला दोनदा मान वर करून फोटोकडे बघावं लागलं, हा आपलाच दादा ना म्हणून. चळवळीच्या कमिटीचे तात्या बोलले, तुझ्या मिलच्या वर्कशॉपमधले दोन फिटर बोलले, आणि प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं की शांताराम खरं बोलायला कधी कचरला नाही. मी बायकांच्या बाजूला आईला धरून बसले होते. मनात आलं, उठावं आणि सांगावं. पण आईने माझं मनगट असं काही आवळून धरलं होतं की तिलाही तीच भीती वाटत असावी.

तिथे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. जिवंत होतास तेव्हा तरी माझं कुठे ऐकून घेत होतास?

आई म्हणते, "आता तो गेलो, आता कित्याक उकरून काढतंस?" तिचंही खरं आहे. पोटचा पोरगा गेला, तिला रडू दे. मलाही रडू येतं, नाही असं नाही. पण माझं रडू मध्येच रागाने सुकतं, आणि मग मी उठून भांडी घासते. या दोन आठवड्यांत आपली भांडी जितकी लख्ख झाली आहेत तितकी कधीच नव्हती.

तुझी मोटारसायकल अजून जिन्याखालीच आहे. लष्कराच्या लिलावातल्या दोन मोडक्या गाड्या जोडून तू ती एक गाडी उभी केलीस तेव्हा सगळी लालबाग बघायला आली होती. तू लग्न केलं नाहीस आणि रविवारचा रविवार तिच्यापाशी बसायचास, म्हणून चाळीत तिला शांतारामची बायको म्हणत. मला त्या बायकोची नणंद म्हणत. मी हसायचे. तेव्हा मी तुझ्या कुठल्याही गोष्टीला हसत असे.

मी तिच्यापाशी आले ते माझ्या बोटांमुळे. तुझी बोटं फिटरची, जाड, ठिणगीच्या पॉइंटच्या खाचेत शिरत नसत. मी वायंडिंग खात्यात दिवसभर तुटलेले धागे जोडणारी. एका रविवारी तू जिन्याखालून हाक मारलीस, "बाय, जरा बोटं दे." मी तांदूळ निवडत होते. सूप तसंच ठेवून खाली आले आणि त्या दिवसापासून माझे रविवारही तिथेच गेले.

मास्तर म्हणून तू वाईट होतास. चुकलं की पान्याने गुडघ्यावर मारायचास, आणि एकच गोष्ट तीनदा घोकून घ्यायचास. पण जे शिकवलंस ते आजही हातात आहे. प्लग काढून आधी त्याचा रंग बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चहाच्या कपाच्या तळासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. पॉइंटमधली फट दाढीच्या पात्याने मोजायची. टॅपेट इंजिन थंड असताना बघायचे, तेल मात्र इंजिन गरम असताना काढायचं, म्हणजे तळचा गाळ बरोबर येतो. या बारीक कामांसाठी मी आईची मशेरीची रिकामी डबी घेतली होती. तीत पातं, छोटी कानस आणि टॅपेटची फट मोजायच्या पट्ट्या. ती डबी माझी, तिला तू हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं आणि आश्चर्य म्हणजे तू ते पाळलंस. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

आणि तेल. आपल्या गाडीचं तेल इंजिनाच्या पोटात राहत नसे. सीटखाली त्याची वेगळी टाकी होती. तिथून एका नळीने ते इंजिनात जायचं आणि फिरून दुसऱ्या नळीने परत टाकीत यायचं. म्हणून गाडी सुरू केली की आधी टाकीचं झाकण उघडायचं आणि आत बघायचं. परतीच्या नळीतून तेल पडत असेल तर निघायचं, नसेल तर तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं. हे तू माझ्याकडून तीनदा नाही, तीनशे वेळा घोकून घेतलंस. "झाकण उघडून बघितल्याबिगर गाडी हलवायची नाय. कोण म्हणतंय?" "दादा म्हणतोय." असं मी म्हणायचे आणि तू खूश व्हायचास.

पुसायला आपल्याकडे मिलचं वेस्ट. सुताचा तो गुंता गिरणगावात कुणाच्या घरी नाही? हात, स्टो, मशीन, सायकल, सगळं आपण त्यानेच पुसतो. इंजिन उघडलं की आतून बाहेरून वेस्टने लख्ख केल्याशिवाय तू झाकण बसवत नसस. तुला त्या लख्खपणाचा केवढा गर्व होता!

या सगळ्यात एक गोष्ट तू मला कधी करू दिली नाहीस. किक मारायला दिली नाहीस, आणि मागे बसवून लालबागच्या नाक्यापर्यंतसुद्धा नेलं नाहीस. बहिणीला मोटारसायकलवर बसवलं तर लोक काय म्हणतील! तिच्या तेलाने माझे हात कोपरापर्यंत काळे झालेले लोकांनी बघितले, ते चाललं.

आता त्या दिवसाकडे येते. तू चार वर्षं ज्या दिवसाकडे येऊ दिलं नाहीस, त्या दिवसाकडे.

मुंबई आपल्याला मिळणार नाही असं दिल्लीहून कळलं होतं, सगळं गिरणगाव पेटलं होतं, रस्तोरस्ती पोलीस होते. आदल्या रविवारी तू इंजिन उघडलंस, पुसलंस, बंद केलंस. तेल मी भरलं. नवं तेल, गाळून, टाकीतल्या खुणेपर्यंत. बंदच्या दिवशी सकाळी कमिटीने पत्रकांचे गठ्ठे दिले, ते गिरगावात पोचवायचे होते. ट्राम बंद, बस बंद, म्हणून सगळ्यांच्या नजरा तुझ्या गाडीवर. तू पांढरा सदरा घालून आलास. मागे गठ्ठा मांडीवर घेऊन वसंत बसला.

वसंत वरच्या मजल्यावरचा, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा. त्याच्या आईचं आणि आपल्या आईचं आमच्या दोघांबद्दल बोलणं चाललं होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात येईल इतकी बघत नव्हते.

तू किक मारलीस. गाडी सुरू झाली. मी पुढे होऊन म्हटलं, "थांब, झाकण उघडू दे. तेल फिरतंय का बघते."

तू म्हणालास, "बाय, इथे मुंबई चाललीय आपल्या हातातून आणि तुला झाकण सुचतंय! सोड."

सगळा चौक हसला. वसंतही हसला, मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं, आणि तुम्ही गेलात.

भायखळ्याच्या पुलाच्या उतारावर इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. अशा वेळी क्लच दाबायचा असतो, हेही तूच मला शिकवलेलं, पण तुला ते सुचलं नाही. तू एकीकडे फेकला गेलास, वसंतचा पाय गाडीखाली सापडला. पत्रकं रस्ताभर झाली आणि पोलिसांनी दोघांना उचललं. त्याला हॉस्पिटलात, तुला कोठडीत. गाडी दुसऱ्या दिवशी चाळीतल्या पोरांनी हातगाडीवर घालून आणली.

तू आठ दिवसांनी सुटून आलास. चौकात तुला हार घातला. घोषणा झाल्या. मग तात्यांनी विचारलं, "पण शांताराम, गाडी चालता चालता अशी बसली कशी रे?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. हार गळ्यात तसाच ठेवून म्हणालास, "बहिणीने तेल घातलं नाही. बायकांच्या हातात दिलं, ही माझीच चूक."

चूकसुद्धा कशी मोठ्या मनाने कबूल केलीस! दोघंतिघं तर तुझ्या पाठीवरून हात फिरवून गेले.

त्या संध्याकाळी मी तुझी पँट धुतली. आठ दिवस तीच पँट. डावी बाजू मांडीपासून खालपर्यंत तेलाने भिजून, वर धूळ बसून पापड झाली होती. तीन वेळा सोडा लावला तरी पाणी काळंच. ती पँट तुझ्यासमोर धरून मी विचारलं, टाकी रिकामी होती तर हे कुठलं?

"गिअरबॉक्सचं असेल."

"गिअरबॉक्स धड आहे. पडताना टाकीची नळी निसटलीय. मी बघितलंय, दादा."

"बाय, झालं ते झालं. आता भांडून वसंताचा पाय बरा होणार आहे का?"

असा प्रश्न टाकायचास तू. त्याला कोण हो म्हणणार! मी आईकडे बघितलं. आई चुलीशी होती. म्हणाली, "तो कशाक खोटा बोलात? तुज्या हातून ऱ्हवला असात, बाय. जाव दे."

आपलं भांडण तिथेच राहिलं आहे, दादा. मी रिकाम्या टाकीतून तेल कसं सांडतं ते विचारलं होतं. मला अजून उत्तर आलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते कधी मोठ्याने ऐकलं नाहीस, म्हणून लिहिते. वसंतचा पाय आखूड राहिला. साच्यावर दिवसभर उभं राहणं त्याला जमेना, मिल सुटली, तो देवगडला गेला. त्याची आई जिन्यात समोरून आली की भिंतीकडे तोंड करायची. आमच्या दोघांबद्दलचं बोलणं कधी सुरूच झालं नव्हतं असं झालं. दीड वर्षाने त्याचं लग्न झालं, गावच्या मुलीशी. चाळीत कुणाचा स्टो बिघडला, कुणाचं शिवणयंत्र अडलं की आधी लोक मला बोलवत, तेही बंद झालं. तेल विसरणारी बाई म्हणून मी चार वर्षं या जिन्याने वरखाली केली. आणि तू सभांतून ओरडत होतास की आम्हाला न्याय पाहिजे. मला तुझा आवाज वरच्या गॅलरीत ऐकू यायचा.

मी गाडीला पुन्हा हात लावला नाही. गोणपाट टाकून तू ती झाकलीस, आणि मला वाटलं, तुलाही तिचं तोंड बघवत नाही. मधूनमधून तू म्हणायचास, "बाय, तुझी डबी गंजत असेल. बघ जरा." मी म्हणायचे, "गंजू दे." किती वेळा झालं हे? दहा, बारा? दर वेळी तू एवढंच बोलून विडी पेटवायचास आणि गॅलरीत जायचास.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात छातीतून शब्द निघत नव्हता, तेव्हाही तू तेच विचारलंस. "डबी उघडलीस?" मी तुला पेज भरवत होते. म्हटलं, "आता तरी त्या गाडीचं नाव काढू नकोस." तू तोंड मिटलंस, आणि मग पेजसुद्धा घेतली नाहीस.

मला वाटलं, रुसलास.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. आई म्हणाली, देऊन टाक, जिना मोकळा होईल. मी गोणपाट ओढलं. तुझी हत्यारांची पेटी बाजूला केली, तळाशी माझी डबी होती. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. पान्याच्या टोकाने उचकटलं.

आत माझं पातं होतं, कानस होती, पट्ट्या होत्या. आणि त्यांच्यावर कागदाची एक पुडी. कागद त्या दिवशीच्या पत्रकाचा, अर्धा फाडलेला. तुझ्याकडे तेवढंच राहिलं असेल. पुडीत अंगठ्याच्या नखाएवढा काळा बोळा, तेल पिऊन कडक झालेला. मी जन्मभर सूत हाताळलं आहे, मला ते डोळे मिटून कळतं. वेस्टचे तंतू. एकेक करून गोळा होत, दाबत दाबत त्याचं बूच झालेलं.

मी तेलाच्या नळीचा नट सोडवला. जाम झालेल्या इंजिनावर भाजलेला नट हाताने सुटत नाही. हा सुटला. त्याच्या खालचं कागदी पॅकिंग त्या दिवसानंतर बदललेलं होतं, तुझ्या हातचं, कडा कात्रीने गोल केलेल्या. किकवर हाताने जोर दिला तर इंजिन सहज फिरलं, कुठे अडकलं नाही. तो बोळा मी नळीच्या तोंडाला लावून बघितला. बरोबर बसला.

म्हणजे तू इंजिन उघडलं होतंस. मी पाळीवर असताना कधीतरी. तुला दिसलं होतं की टाकीत तेल होतं आणि आपल्याच वेस्टने ते इंजिनात पोचू दिलं नाही. तू पिस्टन सोडवलास, सगळं साफ केलंस, जोडलंस, आणि वर गोणपाट टाकलंस. सुरू केली नाहीस, कारण आवाज झाला असता. लोकांनी विचारलं असतं, काय झालं होतं रे? आणि मग चौकात, हार नसताना, तुला उत्तर द्यावं लागलं असतं.

बोळा फेकून देता आला असता. तो तू माझ्या डबीत ठेवलास, जिथे माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. पुढच्या रविवारी मी उघडीन, मला कळेल, आणि तुला तोंडाने बोलावं लागणार नाही, असा तुझा हिशेब. आणि मी चार वर्षं उघडलीच नाही.

 भंगारवाला मध्येच कधी निघून गेला ते मला कळलं नाही.

एवढा मोठा घसा तुझा! तीन वाक्यं होती, दादा. तेल होतं. वेस्टने घात केला. झाकण मी उघडू दिलं नाही. पहिली दोन तरी बोलला असतास. वेस्ट मीही वापरत होते, त्यातले कितीतरी तंतू माझ्या बोटांचे असतील, मी तुझ्या शेजारी उभी राहून अर्धं माझ्यावर घेतलं असतं. तू सगळंच माझ्यावर टाकलंस आणि मग पुडी बांधून माझ्याच डबीत लपवलंस. याला मी कबुली म्हणणार नाही. आणि ती डबी उघडली नाही याचा राग मी स्वतःवर काढते आहे, तोही तुझ्यामुळेच.

तरी एक लिहिलं पाहिजे, नाहीतर मीही तुझ्यासारखीच व्हायची. या अख्ख्या चाळीत बाईची बोटं लोखंडाच्या कामाची असतात हे एकट्या तुला सुचलं. "बाय, जरा बोटं दे" असं मला दुसरं कुणी म्हटलं नाही, आणि आता म्हणणारही नाही. त्या रविवारांबद्दल मी तुझी ऋणी आहे. ते रविवार तू मला दिलेस आणि तूच काढून घेतलेस.

आज सकाळी मी गाडी सुरू केली. खालच्या टॅक्सीवाल्याकडून बाटलीभर पेट्रोल आणलं, टाकीत नवं तेल ओतलं, प्लग घासला. लुगडं कमरेला खोचलं. हँडलवरचा स्पार्कचा खटका मागे घेतला, नाहीतर किक पायावर उलटते. पाचव्या किकला ती बोलली. चार वर्षांनी तो आवाज ऐकून तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. आई दारात येऊन उभी राहिली, मला वाटतं क्षणभर तिला तूच आलास असं वाटलं.

मी टाकीचं झाकण उघडलं. परतीच्या नळीतून तेल पडत होतं.

वसंतची आई खाली आली. माझ्यासमोर उभी राहिली, पहिल्यांदाच, भिंतीकडे न बघता. "काय झाला होता तिका?" मी हातावर बोळा ठेवून दाखवला, कुठे अडकला होता ते दाखवलं. तीही गिरणीत काम केलेली बाई, तिला सूत ओळखायला सांगावं लागलं नाही. "म्हणजे तेल होता," ती म्हणाली. मी म्हटलं, "होतं." ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "वसंताक आता काय लिवू?"  काय लिहायचं आता! त्याला मुलगी झाली आहे, पायाशी खेळत असेल.

वर आले तेव्हा आई पेटी उघडून बसली होती. तुझा सभेचा पांढरा सदरा तिने घडी करून जपून ठेवला होता. तो मी घेतला आणि फाडला. आई ओरडली, मारायला धावली, मी तिला मारू दिलं. मग तिला सांगितलं की धुऊन मऊ झालेल्या कापडाचे तंतू सुटत नाहीत, इंजिन पुसायला याहून चांगलं फडकं आपल्या घरात नाही. झटापटीत एक बाही तिच्या हातात राहिली होती, तीसुद्धा तिने माझ्याकडे दिली.

मराठी राज्य आता येतंय, मुंबईसकट. दिवस ठरला आहे. थोडे दिवस थांबला असतास तर बघितलं असतंस, एवढ्या एका गोष्टीसाठी मला तुझं जाणं सोसत नाही. सगळी चाळ मिरवणुकीला जाणार आहे. मी गाडी घेऊन जाईन, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. टॅक्सीवाला दोन दिवस चालवायला शिकवतो म्हणाला आहे. बाकी सगळं मला येतंच. किक मारीन, झाकण उघडून तेल फिरतंय का ते बघेन, हवा तितका वेळ बघेन. "सोड" म्हणायला आता तू नाहीस.